पिवळ्या चीजविरुद्ध वैजू

समस्त शॅननवासी, लिमरिकवासी आणि विमानतळाच्या आसपास गाडी लावून चिप्स खाणाऱ्या सर्व सज्जनांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, कडक टॅको, पिवळे किसलेले चीज आणि गुलाबी सॉस यांच्याविरुद्ध गेली नऊ वर्षे अखंड चालू असलेली मोहीम, मोहिमेतील एकमेव सैनिकाच्या निधनामुळे बंद करण्यात आली आहे. यापुढे कोणीही, कोठेही, कशावरही चीज किसावे. कोणी हटकणार नाही. हुकुमावरून, शत्रुपक्षाची प्रमुख, मंजिरी.

कसं वाटलं, वैजू? मी हे स्वयंपाकघरात उभी राहून, एक हात छातीवर ठेवून मोठ्याने वाचलं. आवाजही छान लागला होता. नवऱ्याने दारातून विचारलं, "कुणाशी बोलतेयस?" मी म्हटलं, "वैजूशी." तो "बरं" म्हणाला आणि त्याने दार हळूच ओढून घेतलं. हल्ली घरात सगळे माझ्याशी हळू वागतात. मला ते मुळीच आवडत नाही. कोणीतरी माझ्यावर खेकसायला हवंय आणि ते खातं तुझ्याकडे होतं.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. तू कुठली, शिकलीस काय, कुठे किती वर्षं नोकरी केलीस, हे सगळं मिलिंदने मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय, फोटोसकट. नवरे निवडतात तसा फोटो निवडलाय त्याने. तू अर्धवट शिंकतेयस. एरवी मी तो तुला लगेच पाठवला असता आणि मग दोन दिवस तुझे आवाजी संदेश ऐकत बसले असते. पाठवलाही, खरं सांगायचं तर. एकच करडी खूण आली आणि तशीच राहिली.

मला आपली सुरुवात आठवते ती कॅन्टीनमधली. आपल्या कारखान्यात हृदयाच्या शिरांत सरकवायच्या बारीक नळ्या बनतात. त्यातली एक जरी केसभर जाड निघाली तरी सगळा लॉट अडवायचा, हे आपलं क्वालिटीवाल्यांचं काम. दिवसभर लोकांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. तू येण्याआधी दोन वर्षं मी हे एकटीच सुखाने करत होते. मंगळवारी कॅन्टीनमध्ये मेक्सिकन जेवण असायचं. म्हणजे ऑर्ला, जिच्या हातचं सूप पिऊन मी आयर्लंडमधला पहिला हिवाळा काढला ती, दुकानातल्या खोक्यातले कडक, होडीसारखे टॅको मांडायची. त्यात राजमा, पाणचट पाला, आंबट क्रीम आणि वर झेंडूच्या रंगाचं चीज. मी सोमवारपासून त्याची वाट बघायची. अशाच एका मंगळवारी तू रांगेत माझ्यापुढे उभी होतीस. नवीन जॅकेट, गळ्यात नवीन कार्ड. तू ताटाकडे बघितलंस.

"हे काय आहे?" तू इंग्रजीत विचारलंस.

"टॅको, लव्ह," ऑर्ला म्हणाली.

"नो," तू म्हणालीस.

एवढंच. मग जागेवर जाऊन तू सदोष माल नोंदवायचा आपला खराखुरा फॉर्म काढलास आणि भरलास. दोषाचे वर्णन: टॅको दुमडत नाही, फुटतो. दोषाची तीव्रता: गंभीर. मूळ कारण: अमेरिका. तात्पुरता उपाय: चीज ताबडतोब वेगळे ठेवावे. खाली सही, तारीख. ऑर्ला ते वाचून इतकी हसली की तिने तो कागद गल्ल्याशेजारी चिकटवून टाकला. पुढच्या मंगळवारी टॅको तेच होते. तुझ्या ताटात चीज जरा जास्त होतं. "शुअर, इट्स ग्रँड," ती म्हणाली आणि तुला डोळा मारला.

ही बाई आपली, हे मला त्या क्षणी कळलं होतं. फक्त ती विरुद्ध पक्षात होती.

तू मेक्सिकोत पाच वर्षं काढली होतीस, ग्वादालाहारा नावाच्या शहरात, अशाच एका कारखान्यात. चेला नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहायचीस. जायच्या आधी तुला मेक्सिकन जेवण माहीत होतं ते पुण्याच्या मॉलमधलं, हे तू मला चार वर्षांनी सांगितलंस, तेही दोन ग्लास वाइन पोटात गेल्यावर. पहिल्याच आठवड्यात तू चेलाबाईंकडे टॅकोवर घालायला पिवळं चीज मागितलंस. त्यांना कळेना. तू फोनवर चित्र दाखवलंस. त्यांनी चित्राकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं आणि तुझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. मग तव्यावरची एक टॉर्टिया तुझ्या तळहातावर ठेवली. मऊ, हाताएवढी, मक्याची. त्यात शिजवलेला घेवडा, चिरलेला कांदा, कोथिंबीर, पिळलेलं लिंबू. बस्स.

"मंजे, मला रडू आलं," तू म्हणालीस. "बाप्पा, मला वाटलं, इतकी वर्षं मला कोणीतरी उल्लू बनवत होतं."

म्हणजे झालं असं, की नागपूरची एक मुलगी मेक्सिकोत जाऊन सुधारली आणि आयर्लंडमध्ये येऊन ठाण्याच्या एका बाईला सुधारायला निघाली. ठाण्याच्या बाईला सुधारायचं नव्हतं.

तुझा मका मला आता झोपेतही पाठ म्हणता येईल. अख्खा पांढरा मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, तसाच मुरू द्यायचा, मग चोळून सालं काढायची आणि वाटायचा. चुन्याशिवाय जे होतं ते मक्याची भाकरी, टॉर्टिया नव्हे. "भाकरीला माझी ना नाही," तू म्हणायचीस, "पण तिने टॉर्टिया असल्याचा आव आणू नये." चुना कुठला, तर लिमरिकच्या इंडियन दुकानात मिळतो तो पानाचा. तू एकदम डझनभर डब्या उचलायचीस. दुकानदार तुला काय समजत असेल, देव जाणे. तुझ्या सासूबाईंना मात्र काय वाटलं ते मला माहीत आहे. काकू पहिल्यांदा अकोल्याहून आल्या तेव्हा त्यांनी साखर शोधायला तुझी प्रेस उघडली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आपणही म्हणतो. आत चुन्याच्या बारा डब्या. त्या चार दिवस काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी आले तर त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं आणि माझा दंड धरला.

"काऊन वं पोरी, खरं सांगजो. आमची सून तंबाखू खाते काय?"

मी, वैजू, मला क्षमा कर, मी खाली मान घातली आणि म्हटलं, "काकू, मी कोण सांगणार? तुम्हीच विचारा."

तुझ्या घरात त्या दिवशी जे झालं त्याचा सगळा दोष माझा. पण एक सांगते, काकूंना तू ती टॉर्टिया करून घातलीस तेव्हा त्यांनी तिसरीही मागितली आणि म्हणाल्या, "बरी हाय. पन एवढा खटाटोप करन्यापरीस ज्वारीची काऊन नाही टाकत?" तुझ्या चेहऱ्याकडे बघून मी न्हाणीघरात जाऊन हसले.

आणि सिटीवेस्ट. सिटीवेस्ट नावाच्या हॉटेलात मंडळाची दिवाळी होती. तू, मी, तुझी गाडी, दोन तासांचा रस्ता. हॉलमध्ये खाण्याचे स्टॉल. त्यातल्या एकावर पाटी: मिसळ नाचोज. खाली बारीक अक्षरात: पुरणपोळी टॅकोही मिळतील. तू पाटीसमोर थांबलीस. एखाद्या नातेवाइकाची ओळख पटवायला बोलावलेलं माणूस थांबतं, तशी. मी दोन प्लेट मागवल्या.

परतीचे दोन तास आपण भांडलो. तू म्हणालीस, एका द्रोणात दोन देशांचा अपमान कसा करायचा हे या लोकांकडून शिकावं. मी म्हटलं, मिरची कुठली? टोमॅटो कुठला? मका कुठला? सगळं मेक्सिकोकडचंच ना? मग तुमच्या नागपूरचा सावजी रस्साही मेक्सिकनच की. तू म्हणालीस, "मग घाल त्यात चेडर. घाल ना. हिंमत असेल तर घाल." मी म्हटलं, अमेरिकेतल्या एखाद्या मुलाने लहानपणापासून कडक टॅकोच खाल्ला असेल, त्याच्या आईने शुक्रवारी तोच केला असेल, तर त्याच्यासाठी खरा कुठला? तू वायपर चालू केलेस आणि रस्त्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, जिंकले. मग तू म्हणालीस, "त्याच्या आईचं प्रेम खरं. टॅको खोटाच." आणि वर, "हे भांडण इथे संपलेलं नाहीये, ठाणेकर."

मग मी मुद्दाम वाटेत एका चिपरपाशी थांबायला लावलं. चिपर म्हणजे चिप्स तळून देणारं इथलं कोपऱ्यावरचं दुकान, आणि चिपरमधली सर्वांत थोर गोष्ट म्हणजे टॅको फ्राइज. अमेरिकेने मेक्सिकोचं जे केलं, ते आयर्लंडने मनापासून पुढे नेलं: जाड चिप्स, त्यावर गायीचा खिमा, गुलाबी आंबटगोड सॉस आणि चीजचा ढीग. आपल्याला गायीचा खिमा चालत नाही, म्हणून मी मागवते बिनखिम्याचे. तू कारच्या खिडकीतून ओरडलीस, "टॅको नाही, खिमा नाही, मेक्सिको तर नाहीच नाही! मग टॅको फ्राइज कशाला म्हणतेस? बटाटा म्हण!" गाडीत तू ते आणू दिले नाहीस. मी पावसात टपाला टेकून उभी राहिले आणि खाल्ले, एकेक चिप तुझ्यासमोर नाचवत. काच वर करून तू मला बघत होतीस. तुझ्या श्वासाने काच धुरकट झाली तेव्हा तू बोटाने तिच्यावर मोठी फुली काढलीस.

अशी नऊ वर्षं. मला वाटायचं, म्हातारपणीही पुरेल एवढं भांडण आपल्याकडे आहे.

मग तुला ते झालं. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तूही घेत नव्हतीस. "ती भानगड" म्हणायचीस. दुसऱ्या केमोनंतर तुझी चव गेली. तोंडात किल्ल्यांचा जुडगा ठेवल्यासारखं वाटतं, असं तू म्हणालीस. वरण किल्ल्या, भात किल्ल्या, सफरचंद किल्ल्या.

आणि मिलिंद मका शिजवायला लागला.

मिलिंदची ओळख तुला काय करून द्यायची. पण मी त्याला चहासुद्धा करताना कधी बघितलं नव्हतं. सॉफ्टवेअरचा माणूस, कमी बोलणारा, आपण भांडायला लागलो की पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत जाणारा. त्याने एक दिवस तुझी वही काढली, चुन्याची डबी काढली आणि सुरुवात केली. तू खरं मेक्सिकन मिळालं तर खाशील, एवढंच त्याने मनात धरलं होतं. पहिली टॉर्टिया तो हॉस्पिटलमध्ये घेऊन आला ती मी बघितली. कोकणच्या किनाऱ्यासारखी होती. चांदीच्या कागदात गुंडाळलेली आणि वर स्टिकर: आवृत्ती एक. तू एक घास तोडलास, चावलास, डोळे मिटून विचार केलास आणि म्हणालीस, "चुना जास्त झालाय. आणि पीठ अजून ओलं हवं." त्याने लिहून घेतलं.

दोन-तीन दिवसांनी आवृत्ती दोन. मग तीन. तू दर वेळी एक घास. दर वेळी एक सूचना. मीठ. तवा. जाडी. तो खिशातून छोटी वही काढायचा, लिहायचा आणि लगबगीने घरी जायचा. एके दिवशी तो गेल्यावर मी विचारलं, "तुला चव कळायला लागली का गं?"

"नाही."

"मग मघाशी मीठ कमी आहे म्हणालीस ते?"

"अंदाजपंचे."

"वैजू!"

"घरी जाऊन काहीतरी करत असतो ना तो," तू म्हणालीस. "नाहीतर नुसता बसेल. मी बघितलंय त्याला नुसतं बसलेलं."

त्यानंतर पाच मिनिटांनी तू म्हणालीस, "मंजे, ते घेऊन येशील का?"

"ते म्हणजे काय?"

"ते. मी नाव घेणार नाही."

मला खरंच कळलं नाही. तू खिडकीच्या काचेवर बोटाने फुली काढलीस, तेव्हा कळलं.

मी चिपरमध्ये पळत गेले. तिथला माणूस मला आता ओळखतो. इथे अनोळखी पुरुष असेल तर तो युअर मॅन आणि बाई असेल तर युअर वन. मला बघितलं की तो आत ओरडतो, "युअर वन, नो मिन्स!" मी डब्यात तळाला कागद घातला, चिप्स भरल्या, झाकण घट्ट लावलं. घरचा स्टीलचा डबा, माझ्या आईने लग्नात दिलेला. वासाने कोणाला कळू नये म्हणून वर शाल गुंडाळली. नर्सने श्वास ओढला, माझ्याकडे बघितलं आणि पडदा लावून निघून गेली.

तू काटा घेतलास. एक चिप, सॉसमध्ये पुरती बुडालेली, चीजची दोरी लोंबतेय. तोंडात घातलीस. मी थांबले.

"मीठ लागतंय," तू म्हणालीस. "मंजे, मीठ लागतंय. आंबट पण."

वैजू, माझ्याकडे त्या क्षणासाठी नऊ वर्षांपासून भाषण तयार होतं. हातवाऱ्यांसकट. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं. शाळेपासून नाटकात कामं केलेली बाई मी. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "सॉस अजून आणू?"

"हो," तू म्हणालीस. तोंड भरलेलं असतानाच पुढे म्हणालीस, "हे अन्न नाहीये. हे चूकच आहे. लिहून ठेव."

"लिहिलं."

"जिंकलीस असं समजू नको."

"नाही समजत."

मी ते जिंकणं फुकटात परत द्यायला तयार होते. घेणारं कोणी नव्हतं.

डबा अर्धा झाल्यावर तू माझा हात धरलास. तुझ्या हातावरच्या सुईची पट्टी माझ्या बोटाला लागली. "मिलिंदला कळता कामा नये. शपथ घे. त्याला वाटेल, त्याचं वाईट होतंय म्हणून मी हा कचरा खातेय." मी शपथ घेतली. तुला विनोद सुचत होते तोवर तुला काही होणार नाही, अशी माझी एक खुळी समजूत होती. म्हणून मी वर म्हटलं, "चेलाबाईंचीही शपथ घेते." तू हसलीस. सॉस तुझ्या हनुवटीला लागला होता. तो मी पुसला.

मग मंगळवारी आणि शुक्रवारी डबा. सहा आठवडे. मिलिंद संध्याकाळी यायचा, मी दुपारी. डबा पिशवीत, पिशवी गाडीत, शाल अजूनही सॉसच्या वासाची आहे. मी ती धुतलेली नाही. शेवटच्या आठवड्यात तेही गेलं नाही. मी डबा उघडून तुझ्या नाकाजवळ धरला. तू मान हलवलीस, नाही अशी, आणि झोपलीस. आवृत्ती बावीस तेव्हा तुझ्या टेबलावर होती, घास न मोडलेली.

तुझ्यापाशी कबूल करायचं ते आता.

तीन दिवसांपूर्वी तेरावं झालं. तुमच्याच घरी, बैठकीच्या खोलीत. गुरुजी नागपूरहून लॅपटॉपवर होते आणि दर दोन मिनिटांनी "आवाज येत नाहीये, माइक चालू करा" म्हणत होते. शेजारची सगळी आयरिश माणसं आली होती. रांगेने येत होती, एकेकाचा हात हातात घेत होती, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणत होती आणि काकू प्रत्येकाला हात जोडून "बसा, जेवून जा" म्हणत होत्या. दोन्ही बाजूंना काही कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं. ऑर्ला त्रिकोणी सँडविचचं ताट घेऊन आली होती. काकूंनी तुझ्यासाठी पान वाढून बाजूला ठेवलं होतं: वडे, खीर, भाजी, वरणभात.

मिलिंद कुठे दिसेना. तो स्वयंपाकघरात होता. तू गेल्यावर तो थांबला असेल असं मला वाटलं होतं. थांबला नव्हता.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात फडक्यावर एक टॉर्टिया होती. गोल. कागदावर वाटी ठेवून आखावी तशी गोल. आणि फुगलेली, वैजू. गरम हवा भरून टम्म फुगलेली, मधे एक बारीक तपकिरी ठिपका. तू असताना एकदाही फुगली नव्हती. तो सगळ्यांमधून चालत आला, खाली वाकला आणि त्याने ती तुझ्या पानावर, वड्यांच्या शेजारी ठेवली. ठेवल्याबरोबर ती हळूहळू खाली बसली.

"तेवीस," तो म्हणाला.

त्याने माझ्याकडे बघितलं, कारण आमच्या दोघांशिवाय तिथे कोणाला ते आकडे माहीत नव्हते.

"तिला सगळं कळायचं, मंजिरी. एका घासात बरोबर चूक सांगायची. मलाच जमलं नाही." मग तो काकूंकडे वळला. नऊ वर्षांच्या ओळखीत त्याला एका दमात इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "दोन महिने दर खेपेला एक घास घेतला तिने, आई. एक घास. मला हे महिनाभर आधी जमलं असतं ना, तर पोटभर खाल्लं असतं तिने. माझ्या हाताला नव्हतं ते. उपाशी गेली."

"असं नको म्हनू बापू," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी शपथ घेतली होती. तुझा हात धरून. तुझी सगळी मोहीम, तुझा फॉर्म, काचेवरची फुली, चेलाबाईंचा तुझ्या कपाळावरचा हात, हे सगळं माझ्या एका वाक्याने धुळीला मिळणार होतं, तेही तुझ्याच पानासमोर. आणि त्याहून वाईट म्हणजे, तुला चव लागायची ती फक्त त्या सॉसची म्हटल्यावर, मीठ कमी आहे, तवा गार आहे, हे तू नुसतं फेकत होतीस, हेही त्याला आज ना उद्या कळणार होतं. तेवीस आवृत्त्या करत तो खिशातल्या ज्या वहीच्या आधारावर उभा होता, त्या वहीतलं एकही अक्षर खरं नव्हतं. ते त्याला कळू द्यायचं? की तू उपाशी गेलीस असं मनात घेऊन त्याला त्या घरात एकट्याला राहू द्यायचं? मला दोन्हींपैकी काही निवडता येईना. मी ओठ दाबून धरले. तू बघायला हवं होतंस, इतकी गप्प मी जन्मात बसले नव्हते.

पुढे काय झालं तेही आधीच सांगून टाकते. काहीही बरं झालं नाही. मिलिंद हसला नाही, रडला नाही, त्याने मला मिठीही मारली नाही. तो फक्त आत गेला आणि त्याने गॅस बंद केला. तीन दिवस त्याने माझा फोन उचललेला नाही. काल मी तुमच्या घरावरून गाडी नेली तर स्वयंपाकघरात तो टेबलाशी नुसता बसलेला दिसला. ज्याची तुला भीती होती, तेच. मी तुझं गुपितही घालवलं आणि त्याचं कामही. मला वाटलं होतं, मी त्याच्या छातीवरचा दगड उचलतेय. उचलून मी तो कुठे ठेवला, ते मला सांगता येत नाही.

मंगळवारी ऑर्लाने मला टॅको वाढले. मी खाल्ले. चीज पिवळं होतं. कोणी काही म्हणालं नाही. माझ्याशी भांडायला आता पृथ्वीवर कोणी नाही आणि हे असंच राहणार आहे. त्यावर मला काही शहाणपणाचं बोलायचं नाही.

पण त्या दिवशी, गुरुजी पडद्यावर "हॅलो, हॅलो" करत असताना, ऑर्ला हातात सँडविच धरून उभी असताना, काकूंच्या तोंडाला पदर असताना, मिलिंद पुन्हा एकदा म्हणाला, "उपाशी गेली." आणि सगळ्यांच्या देखत माझ्या तोंडून जे निघालं ते शब्दशः असं:

"कोण उपाशी? अरे, टॅको फ्राइज खायची ती, मिलिंद! चिपरचे! सॉस चाटून खायची आणि मला म्हणायची, पुढच्या वेळी मोठा डबा आण!"